पाय चालतो, पण जीव पुरत नाही
पक्षाघातानंतरची व्यायामचाचणी आणि शारीरिक क्षमता

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त वर्तकनगर, ठाणे येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मला येथे बोलावलेत, याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे. मी व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे नेहमीच्या बोलण्यात आपण जिला फिजिओथेरपिस्ट म्हणतो ती. निमंत्रण देण्यासाठी आलेल्या आपल्या कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी ‘पक्षाघात’ असे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे हातापायांचे व्यायाम ना?” मी म्हटले, “त्याच्या पुढचे.” ते पुढचे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मी आज उभी आहे. त्यासाठी सुरुवातीला थोडे घरचे बोलावे लागेल, त्याची क्षमा असावी.

माझे वडील याच वर्तकनगरात, गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असत. उद्वाहन नव्हते. मजल्याला अठरा याप्रमाणे चौपन्न पायऱ्या होत्या. १९९४ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मला व्यवसायात पडून तेव्हा चार वर्षे झाली होती. घरचेच माणूस आजारी, आणि मुलगी त्याच विषयातली. उपचारांत मी कसूर केली नाही. सकाळ-संध्याकाळ हात वर नेणे, बोटे उलगडणे, गुडघा वाकवणे, टाच टेकवणे, सारे काही झाले. तीन महिन्यांत ते काठीच्या आधाराने खोलीतल्या खोलीत चालू लागले आणि मी समाधानाचा श्वास सोडला.

मग एके दिवशी जिना उतरायचे ठरले. एक मजला उतरून ते परत चढू लागले आणि सातव्या-आठव्या पायरीवर कठड्याला धरून थांबले. अंग घामाने भिजले होते, ओठ कोरडे पडले होते. ते म्हणाले, “पाय चालतो गं, पण जीव पुरत नाही.” मला वाटले, त्यांचा धीर सुटला. मी त्यांना धीर देऊ लागले. पुढे त्यांनी जिन्याकडे पाहणेच सोडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत ते चार वेळा खाली आले, चारही वेळा खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. चौथ्या वेळी ते परत वर आले नाहीत.

त्यांच्या त्या एका वाक्यात संपूर्ण निदान होते, हे मला फार उशिरा कळले. त्यांचा धीर पुरेसा होता. त्यांचा दम अपुरा होता, आणि तो किती अपुरा आहे हे मी कधी मोजलेच नव्हते. मोजायला महागडे यंत्र लागते अशातलाही भाग नाही. मोजपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर भागणारी चाचणी तेव्हाही हृदयाच्या व फुप्फुसांच्या रुग्णांसाठी वापरात होती. परंतु पक्षाघात झालेल्या माणसाचा दम मोजावा, हा प्रश्नच माझ्या मनात उद्भवला नाही.

आपण आधी पक्षाघात म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटून रक्तस्राव झाला, तर मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो आणि त्या भागाच्या ताब्यातील अवयव थांबतात. मुंबईच्या एका निश्चित भागात, दीड लाखांहून अधिक लोकवस्तीत, डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत अशा रुग्णांची पद्धतशीर नोंद केली. दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना आयुष्यातील पहिला झटका येतो, असे तीत आढळले. पाचांपैकी चार जणांना तो गुठळीमुळे आला होता. सुमारे ३० टक्के रुग्ण पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावले. ही नोंद आपल्या शेजारच्या शहराची आहे, म्हणून ती मी मुद्दाम सांगितली.

येथे एक सूचना कळकळीने करते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही अचानक घडले तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि मेंदूचा सीटी स्कॅन होऊ शकेल अशाच रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आजचा विषय मात्र वाचलेल्या सत्तर टक्क्यांचा आहे. त्यांचे नुकसान दोन प्रकारचे असते. पहिले नुकसान मेंदूचे. ते सर्वांना दिसते, कारण हात लोंबतो आणि पाय ओढला जातो. दुसरे नुकसान बिछान्याचे. ते कोणालाच दिसत नाही. बिछान्यात माणूस किती झपाट्याने खचतो, यासंबंधी एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. तेवढ्यानेच त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी उतरली. तीस वर्षांनी, ते पन्नाशीत असताना, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानाने जितकी क्षमता घटली होती, त्यापेक्षा त्या वीस दिवसांनी अधिक घटवली होती! विशीतल्या निरोगी तरुणांची ही कथा, तर साठीतल्या आजारी माणसाचे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

आपल्यापैकी पुष्कळजण व्यापारी आहेत, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगते. श्रम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जितका प्राणवायू वापरू शकते, ते त्याचे उत्पन्न समजा. प्रत्येक हालचालीला लागणारा प्राणवायू हा खर्च. नुसते बसून राहिले तरी शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे साडेतीन मिलिलिटर प्राणवायू खर्च होतो. घरातील हलक्या कामांना दहाच्या आसपास लागतो. सावकाश जिना चढायला निरोगी माणसाला सुमारे चौदा लागतो. कोणावरही अवलंबून न राहता जगायचे तर एकूण उत्पन्न निदान पंधरा ते अठरा असावे, असे या विषयातील तज्ज्ञ मानतात.

आता जमेची बाजू पाहा. पक्षाघातानंतर साधारण महिन्याभराने केलेल्या एका मोजणीत रुग्णांचे सरासरी उत्पन्न चौदाच्या थोडे वर भरले. त्याच वयाच्या, फारसा व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसाच्या ते जेमतेम साठ टक्के होते. खर्चाची बाजू तर याहून बिकट. लुळा पाय फेकत, कंबर उचलत, तोल सावरत चालणाऱ्या माणसाला तेवढ्याच अंतरासाठी निरोगी माणसाच्या दीडपट, कधीकधी दुप्पट शक्ती लागते. उत्पन्न निम्म्यावर आले आणि खर्च दुप्पट झाला, तर कोणती पेढी चालेल? माझ्या वडिलांचे सगळे उत्पन्न सातव्या पायरीवर संपत होते, आणि मी त्यांना हिंमत धरा म्हणून सांगत होते.

असे का घडले, याचा मी पुष्कळ विचार केला. भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. त्यानंतर १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था स्थापन झाली. तो काळ पोलिओचा होता. लुळ्या पडलेल्या अवयवात बळ आणणे हीच त्या काळाची निकड होती आणि त्या पिढीने ते कार्य मोठ्या निष्ठेने केले. आम्ही पुढच्या विद्यार्थ्यांनीही तीच दृष्टी घेतली. आम्ही हात पाहिला, पाय पाहिला. त्या हातापायांना पुरवठा करणाऱ्या हृदयाकडे आणि फुप्फुसांकडे पाहणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम, असे आम्ही धरून चाललो. निदान मी तरी धरून चालले.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे मोजणे. याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग रुग्णालयातील व्यायामचाचणीचा. आपण तिला स्ट्रेस टेस्ट किंवा टीएमटी म्हणतो. छातीवर ईसीजीच्या तारा लावून सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि वेग व चढ टप्प्याटप्प्याने वाढवतात. हृदयरोग्यांसाठी नेहमी वापरली जाणारी ब्रूस पद्धती पक्षाघाताच्या रुग्णाला झेपत नाही, कारण तिच्यात चढ फार लवकर वाढतो. म्हणून त्यांच्यासाठी सौम्य टप्पे ठरवतात, आधाराला कठडा किंवा वरून पट्टा देतात. ज्याला पट्ट्यावर चालता येत नाही, त्याची चाचणी बसून चालवायच्या सायकलीवर करतात आणि दुबळे पाऊल पायट्याला बांधून घेतात. डॉक्टर जवळ असतात. नाडी, रक्तदाब आणि ईसीजी यांवर सतत लक्ष असते. छातीत दुखू लागले, भोवळ आली, श्रम वाढूनही वरचा रक्तदाब खाली घसरू लागला किंवा तो २५० च्या वर गेला, तर चाचणी तेथेच थांबवतात.

ही चाचणी का करावी, असे पुष्कळजण विचारतात. मेंदूच्या वाहिनीत ज्या कारणाने गुठळी अडकली, ते कारण बहुधा हृदयाच्या वाहिन्यांतही दडलेले असते. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांना मेंदू आणि हृदय असा भेद ठाऊक नाही. घरात चार पावले चालणाऱ्या माणसाच्या हृदयावर ताणच पडत नाही, म्हणून त्याचा विकार गप्प बसतो. व्यायाम वाढवला की तो बोलू लागतो. तो डॉक्टरांसमोर बोललेला बरा. जिन्यात एकट्याने असताना नको. दुसरा उपयोग असा की, व्यायामाची मात्रा ठरवायला आधार मिळतो. अनेक रुग्णांना नाडीचा वेग कमी करणारी औषधे चालू असतात. त्यांच्या बाबतीत २२० मधून वय वजा करण्याचे पुस्तकी गणित चुकते. चाचणीत दिसलेली नाडी हीच त्यांची खरी नाडी.

दुसरा मार्ग सहा मिनिटांच्या चालण्याचा. तीस मीटर लांबीचा सपाट रस्ता किंवा ओसरी घ्यायची, दोन्ही टोकांना खुणा करायच्या आणि रुग्णाला सहा मिनिटांत जास्तीत जास्त जेवढे जमेल तेवढे अंतर जा-ये करत चालायला सांगायचे. काठी चालते. मध्ये थांबले तरी चालते. घड्याळ मात्र थांबत नाही. शेवटी एकूण मीटर मोजायचे. आधी आणि नंतर नाडी व रक्तदाब पाहायचा. या चाचणीची सर्वमान्य नियमावली अमेरिकेतील छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केली. पक्षाघाताच्या रुग्णात या अंतरावर पायाच्या कमजोरीचा आणि तोलाचाही परिणाम होतो. म्हणून ही चाचणी हृदयाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु माणूस गेल्या महिन्यापेक्षा पुढे गेला की मागे, हे ती नेमके सांगते. ही पहिल्यांदा प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावी. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर करू नये.

मोजणी झाली की मात्रा ठरवायची. व्यायाम हे औषध आहे असे आपण म्हणतो खरे, पण औषधाची गोळी आपण मूठभर घेत नाही आणि मनाला येईल तेव्हाही घेत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली पक्षाघाताच्या रुग्णांसाठी केलेल्या शिफारशी अशा आहेत: चालणे किंवा सायकल यांसारखा दम वाढवणारा व्यायाम आठवड्यातून तीन ते पाच दिवस, वीस ते साठ मिनिटे. एकदम न जमल्यास दिवसातून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. स्नायूंच्या बळाचा व्यायाम आठवड्यातून दोन ते तीन दिवस, प्रत्येक प्रकार दहा ते पंधरा वेळा. त्याच्या जोडीला सांधे मोकळे ठेवण्याचा आणि तोल सावरण्याचा सराव.

जोर किती असावा? विश्रांतीची नाडी ८० आणि चाचणीतील सर्वोच्च नाडी १४० असेल, तर मधले अंतर ६०. या अंतराच्या चाळीस ते सत्तर टक्के, म्हणजे २४ ते ४२, विश्रांतीच्या नाडीत मिळवायचे. व्यायाम करताना नाडी १०४ ते १२२ च्या दरम्यान राहावी. नाडी मोजणे जमत नसेल, तर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांनी बनवलेली मोजपट्टी आहे. ‘श्रम मुळीच नाहीत’ याला सहा आणि ‘याहून अधिक शक्य नाही’ याला वीस असे गुण देऊन रुग्णाने स्वतःच सांगायचे. अकरा ते चौदा हा योग्य पट्टा. त्याहूनही सोपी खूण म्हणजे चालताना एखादे वाक्य बोलता यावे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन म्हणता येत असेल तर जोर कमी पडतो. वाक्यही तुटत असेल तर जोर जास्त होतो.

याने खरोखरच लाभ होतो का? २०२० साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरातील ७५ चाचण्यांचा, एकंदर ३,६१७ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. दम वाढवणाऱ्या व्यायामाने परावलंबन कमी होते, चालण्याचा वेग आणि अंतर वाढते, तोलही सुधारतो, असे त्यात दिसले. आयुष्य किती वाढते, यावर मात्र निष्कर्ष काढता आला नाही. मी आपणास वर्षे वाढतील असे आश्वासन देत नाही. आहेत त्या वर्षांत माणूस स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाईल, एवढे नक्की सांगते.

आता घाईविषयी. एवढे ऐकून कोणी रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उठवून पळवायला जाईल, म्हणून सावध करते. ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाची एक मोठी चाचणी पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झाली आणि तिचा अहवाल २०१५ साली आला. पहिल्या चोवीस तासांतच उठवून पुष्कळ वेळ हालचाल करवलेल्या रुग्णांची प्रगती, नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्यांपेक्षा थोडी कमीच ठरली. म्हणजे लवकर उठवावे, पण थोडे थोडे. आणि दम वाढवण्याचा खरा व्यायाम प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने. अति विश्रांती जशी घातक, तसाच अति उत्साहही.

बंधुभगिनींनो, आता मी घरातील मंडळींकडे वळते, कारण या आजारातील निम्मी लढाई घरात होते. आपल्या घरांत माया भरपूर आहे. रुग्ण पाण्याच्या तांब्याकडे हात नेतो न नेतो, तोच आतून आवाज येतो, “अहो, उठू नका, मी आणते!” सून धावते, नातू धावतो. दिवसातून वीस वेळा उठण्याची जी संधी होती, ती वीसही वेळा माया हिरावून घेते. खुर्चीतून उठणे आणि बसणे हा पायांच्या बळाचा उत्तम व्यायाम आहे, आणि तो फुकट मिळणारा आहे. तोल जाईल अशी भीती असेल तर जवळ उभे राहावे, हात कमरेपाशी असू द्यावा. पण उठू द्यावे. सेवा करावी, मात्र तिने माणसाची उरलीसुरली कमाई खर्ची पडता कामा नये.

याच्या उलट, सारे काही घरच्यांवर सोपवूनही भागत नाही. आपल्या देशातच ‘अटेंड’ या नावाने एक चाचणी झाली. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण तिच्यात होते. अर्ध्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम करवून घेण्याचे शिक्षण देऊन घरी पाठवले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. या निष्कर्षाने मी निराश झाले नाही, पण जमिनीवर आले. कुटुंबाची माया हा आधार आहे. तो प्रशिक्षित हाताला पर्याय होऊ शकत नाही. दोन्ही एकत्र हवेत.

या व्यासपीठावरून आणखी एक गोष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. आपल्यापैकी अनेकजण सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत आणि पर्वकाळात उपवास करतात. त्याविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पक्षाघात झालेल्या व्यक्तीची रक्तदाबाची, मधुमेहाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे एकही वेळ चुकता कामा नयेत. आपला नियम डॉक्टरांना आधी मोकळेपणाने सांगावा. पुष्कळदा औषधांच्या वेळा दिवसा बसवता येतात. उपवास झेपेल की नाही, हेही त्यांनाच विचारावे. निराहार दिवशी, विशेषतः पाणीही वर्ज्य असेल तर, दम लागेल असा व्यायाम करू नये. शरीरात पाणी कमी पडणे आणि रक्तातील साखर उतरणे, दोन्ही अशा रुग्णाला धोक्याचे.

आता पुन्हा वर्तकनगरात येते. वडिलांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, शेजारच्या काकांना झटका आला. उजवीच बाजू. काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा मला पहिल्यांदा आमचा जिना आठवला. या खेपेस मी आधी हृदयाची तपासणी करवून घेतली. मग प्रकृती स्थिरावल्यावर इमारतीच्या गच्चीवर तीस मीटर मोजून खडूच्या दोन खुणा केल्या. पहिल्या दिवशी काका सहा मिनिटांत १३५ मीटर चालले, त्यात दोनदा थांबले. आकडा ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हटले, “काकू, हा आकडा वाईट नाही. हा आपला पहिला आकडा आहे.”

गच्चीवर आठवड्यातून चार दिवस चालणे, घरात खुर्चीतून उठबस, जिन्यात आधी दोन पायऱ्या, मग चार, मग सहा. प्रत्येक वेळी बोर्गच्या पट्टीवर ते स्वतःच गुण सांगत. काकूंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मीटर लिहून ठेवायला सुरुवात केली. बारा आठवड्यांनी अंतर २२० मीटर झाले. त्याच्या पुढच्या महिन्यात काका चौपन्न पायऱ्या उतरले, खाली दहा मिनिटे बसले आणि प्रत्येक मजल्यावर विसावा घेत परत चढले. त्यांचा उजवा हात पुढेही कधी पूर्ण उघडला नाही, हे मी लपवून ठेवत नाही. पण रोज सकाळी दूध आणायला ते स्वतः जात, पिशवी डाव्या खांद्याला अडकवून.

आता वर्तकनगर बदलले आहे. अनेक जुन्या इमारतींच्या जागी उद्वाहन असलेल्या उंच इमारती उभ्या राहिल्या. जिना सुटला हे चांगलेच झाले. पण त्यामुळे घरातून थेट गाडीत बसता येऊ लागले आणि चालणेही सुटले! पोखरण रस्त्याच्या वाहतुकीत काठी घेऊन चालणे सोपे नाही. पहाटे उपवन तलावाच्या काठी फिरणाऱ्यांत काठीवाले फार थोडे दिसतात. ते सारे घरात बसून आहेत, आपल्याच इमारतींत.

म्हणून शेवटी या संस्थेसमोर एक विनंती ठेवते. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण अनेक उपक्रम योजले आहेत. त्यांत एका छोट्या उपक्रमाची भर घालावी. सभागृहात किंवा आवारात तीस मीटरची एक सपाट वाट आखावी. दोन्ही टोकांना हात असलेल्या भक्कम खुर्च्या ठेवाव्यात. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, एक घड्याळ आणि एक नोंदवही असावी. आठवड्यातून दोन सकाळी प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाला पाचारण करावे आणि ज्यांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, अशा परिसरातील सर्व रुग्णांना, ते कोणत्याही समाजाचे असोत, तेथे चालू द्यावे. यासाठी मोठी इमारत नको, देणगीदाराच्या नावाची कोनशिला नको. पहिले सहा महिने मी स्वतः विनामूल्य येईन, असा शब्द या सभेत देते.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना एवढेच सांगणे. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा “हात कधी उठेल?” हे अवश्य विचारा. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: “यांचा दम किती आहे, आणि तो कधी मोजायचा?” आपला माणूस जिन्यात थांबला आणि जीव पुरत नाही म्हणाला, तर त्याला धीर देण्याची घाई करू नका. त्याचे म्हणणे खरे मानून मोजायला बसा. मी बसले नाही. आपण बसावे, एवढ्यासाठीच हे सारे बोलले.